पायाळू पाहिजे

तलाव किती उतरला हे कळावं म्हणून पाटबंधारे खात्यानं पाळीच्या भिंतीवर पांढऱ्या पट्ट्या मारून आकडे काढले होते. रुखमाबाईला ते आकडे वाचता येत नव्हते, आणि आले असते तरी तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता. आकडे माणसानं काढलेले. ती पाणी मोजायची ते तलावात बुडालेल्या एका जुन्या मोहाच्या खुंटावरून. संक्रांतीच्या सुमारास खुंटाचं टोक दिसलं की डांगराच्या बिया भिजत घालायच्या. होळीला खुंटाच्या बुडाशी चिखल लागला की गावातलं घर बंद करून खाली यायचं, आणि मृग लागेपर्यंत तलावाच्या पोटातच राहायचं.

बोदलझरीचा हा तलाव सिंदेवाहीकडच्या जंगलात आहे. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला माणसांनी बांधलेली पाळ. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की मऊ गाळाची जमीन उघडी पडते, त्यात मासेमारी करणारे ढिवर लोक डांगराच्या वेलांच्या वाड्या लावतात. पूर्वी आठ-दहा खोप्या असायच्या. पुढे पोरं सिमेंटच्या कारखान्यावर गडचांदूरला गेली, म्हातारे गेले देवाघरी, आणि एकटी रुखमाबाईची खोपी उरली. चार मेढी, वर पळसाच्या डहाळ्या, आत एक खाट. बाहेर तीन दगडांची चूल. प्यायचं पाणी ओल्या रेतीत हातानं उकरलेल्या झिऱ्याचं. डुकरं आली की बडवायला तेलाचा रिकामा पिपा. अस्वल आलं तरी तोच पिपा.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं वाळलेली, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. काही नीट पाहायचं असलं की ती उजवा डोळा तळहातानं झाकून डाव्यानं पाहायची. गावाला वाटायचं, बाई सगळ्यांकडे नेम धरून पाहते. ते अगदीच खोटं नव्हतं. दुकानातून आणलेली साखर ती घरी येऊन बोटानं चाळायची. पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्या चपला पाहायची, किती लांबून आला ते कळायला.

तलावाचा चौकीदार लटारू रोज सकाळी पाळीवरून सायकल लोटत यायचा आणि तिच्याकडे काळा चहा प्यायचा. पस्तिशीतला, तोंडाळ, मनानं बरा. तो तिला चिडवायचा, की बाई, तू देवाच्या परसादालेही हुंगून पाह्यतेस. ती म्हणायची, "देवावर भरवसा हाये मा. वाटणाऱ्यावर नाई."

पाळीच्या टोकाला मातामायचा ओटा आहे. तिथं शेंदूर लावलेल्या पाच दगडांपुढे ती रोज दिवा लावायची. मागणं एकच असायचं, की माये, मले ओळखीच्याच माणसांत ठेव.

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात तलाव असा उतरला की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. मोहाचा खुंट होळीआधीच कोरडा पडला आणि मे महिन्यात पाणी त्याच्याही खाली दीडशे पावलं गेलं. जी जमीन तलाव भरल्यापासून कोणी पाहिली नव्हती ती वर आली. जुनी धानाची बांधी, एक विहिरीचं तोंड, बैलगाडीच्या चाकोऱ्या. रुखमाबाईला ते काही बरं वाटलं नाही. झाकलेलं आहे ते झाकलेलं राहावं, असं तिचं मत होतं.

अशा दिवसांत एका बेस्तरवारी दुपारी पलीकडच्या वळणावर दोन माणसं आली. लुनावर बसून आली, बोचकी घेऊन. दोन येनाच्या झाडांमधे त्यांनी निळी ताडपत्री बांधली, दगड मांडले, धूर काढला. रुखमाबाई वाट पाहत राहिली.

वाट कशाची, तर त्यांनी इस्तो, म्हणजे विस्तव, मागायला येण्याची. तलावाच्या पोटात मुक्काम करणाऱ्यांची तशी रीत होती. नवा माणूस आला की ज्याची चूल आधीपासून पेटलेली असेल त्याच्याकडे जाऊन इस्तो मागायचा. खिशात काडीपेटी असली तरी मागायचा. फुटक्या खापरात दोन निखारे न्यायचे आणि त्या निमित्तानं नाव, गाव, किती दिवस, कशासाठी, हे सांगून टाकायचं. बांबू तोडणारे मागायचे, मोहफुलं वेचायला येणारे गोंड मागायचे, शेळ्यांवाले मागायचे. हे दोघे आले नाहीत. काडी ओढून त्यांनी आपली चूल आपण पेटवली.

रुखमाबाईनं उजवा डोळा झाकला आणि पाहायला सुरुवात केली.

एक म्हातारपणाकडे झुकलेला, दाढीवाला. दुसरा तिशीचा, लुनावाला. मासे मारायला आले म्हणावं तर जाळं नव्हतं. शिकारीला म्हणावं तर बंदूक नाही, कुत्रा नाही. पहिल्या संध्याकाळी दाढीवाला गाळात पावलं मोजत फिरला. मोजायचा, थांबायचा, पाळीतल्या पाणी सोडायच्या तोटीकडे पाहायचा, पुन्हा मोजायचा. दुसऱ्या दिवशी दोघांनी फावडं घेतलं आणि खणायला लागले. दिवसभर खणलं. माती घमेल्यानं उचलून दूर टाकली. संध्याकाळी त्या जागी चार खुंट्या ठोकलेल्या दिसल्या आणि खुंट्यांना गुंडाळलेला दोरा.

चार खुंट्या आणि दोरा पाहून रुखमाबाईच्या हातातली भाकर हातातच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पलीकडून आला आणि वाऱ्याबरोबर लोभानाचा वास आला. तिनं चूल विझवली आणि खोपीत जाऊन बसली. त्या वासाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

रुखमाबाई पायाळू होती. जन्माला येताना तिचे पाय आधी आले होते. पायाळूचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण निघते, असं आपल्याकडे मानतात, आणि लहान रुखमाच्या पायाला खरोखरच गुण होता. माहेरी सकाळी सकाळी अंगणात माणसं पालथी पडलेली असायची. ही सात-आठ वर्षांची पोर उजव्या पायानं तीनदा पाठ चेपायची आणि माणूस हसत उठायचा. त्याबदल्यात काही घ्यायचं नसतं, घेतलं तर गुण जातो. आईनं तिला एक बोरही कधी घेऊ दिलं नाही. पोरीला त्याची फार मौज वाटायची. एवढी मोठी माणसं आणि आपल्या पायाखाली.

पण पायाळूला दुसरं एक गिऱ्हाईक असतं. पायाळूच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, असं मानणारेही लोक आहेत. ती अकरा वर्षांची असताना तिचा सख्खा मामा तिला जत्रेला नेतो म्हणून घेऊन गेला. जत्रा नव्हती. पडक्या गढीच्या मागे तीन माणसं बसली होती. चार खुंट्या, दोरा, लिंबं, आणि लोभानाचा धूर. त्यांनी तिला पाटावर बसवलं आणि डोळ्यात काहीतरी काळं घातलं. डोळे असे जळाले की तिला मामाही दिसेना. ते विचारत होते, सांग, हंडा कुठी दिसते. आणि त्यातला एक जण हळूच म्हणाला, की दिसला नाही तर मग पोरीलाच द्यावं लागेल.

कोणाला द्यावं लागेल, हे तिनं विचारलं नाही. तिनं बोट दाखवलं. तिथी हाये म्हणाली, मोठा हाये. ते तिघं आणि मामा खणायला धावले तशी ती उलट्या बाजूला धावली आणि एका खळ्यावरच्या तणसाच्या ढिगात शिरून बसली. दुसऱ्या दिवशी बापाला सापडली. डावा डोळा वाचला, उजवा गेला.

तेव्हापासून ती कोणाला पायाळू म्हणून माहीत नव्हती. बापानं ते गाव सोडलं, लांबच्या गावी बिऱ्हाड केलं. लग्न होऊन ती बोदलझरीला आली तेव्हा एकट्या नवऱ्याला सांगितलं, तेही वर्षभरानं. पाण्यात उभं राहून जाळं टाकणाऱ्या माणसाची पाठ कधी ना कधी भरायचीच. मग ती दार लावायची, कडी लावायची, खिडकीवर पोतं टाकायची आणि नवऱ्याच्या पाठीला पाय द्यायची. शेजारणींना वाटायचं, काय बाई यांचं प्रेम. नवरा गेला तेव्हा तिचं गुपितही त्याच्याबरोबर गेलं असं तिला वाटलं होतं.

लटारू त्या सकाळी आला तो सायकल पाळीवरच टाकून आला. चूल विझलेली पाहून म्हणाला, "काऊन बाई, आज चाय नाई? तब्येत बरी नाई का?"

तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. तो खाटेच्या माच्यावर टेकला आणि आपली बातमी सांगू लागला. त्या दोघांतला लुनावाला काल संध्याकाळी गावात पत्रूच्या दुकानावर आला होता. मीठ घेतलं, बिड्या घेतल्या. मग इकडे-तिकडे पाहून हळूच विचारलं, की तुमच्या गावात कोणी पायाळू आहे का.

"पायाळू," लटारू पुन्हा म्हणाला. "पायाळू पाहिजे म्हनते त्याईले."

रुखमाबाईनं आपले पाय खाटेखाली ओढून घेतले. पायांवर काही लिहिलेलं नव्हतं, तरी ओढून घेतले.

"मग पत्रूनं काय सांगतलं?" तिनं विचारलं.

पत्रूनं काय सांगणार, लटारू म्हणाला, आपल्या गावात कोणी पायाळू नाहीच. पण दुकानावर बसलेल्यांची टाळकी सटकली. कशाला पाहिजे म्हणून विचारलं तर पोरगं चाचरलं आणि लुना मारून निघून गेलं. रात्रभर गावात तीच चर्चा. सगळ्यांनी आपापल्या पोरींना घरात घेतलं.

"तू त इथी समोरच राह्यतेस," लटारू म्हणाला. "तुले काई दिसलं का?"

आणि रुखमाबाईनं सांगितलं. पावलं मोजणं सांगितलं, खणणं सांगितलं, चार खुंट्या आणि दोरा सांगितला, लोभान सांगितला. एक पांढऱ्या भुकटीची थैली होती तीही सांगितली. सांगताना तिचा आवाज अकरा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता, पण लटारूच्या ते ध्यानात आलं नाही. तो उठला. म्हणाला, दुपारपर्यंत गाव येते, तू खोपीच्या बाहेर निघू नको.

तो पाळ चढून गेला आणि रुखमाबाई एकटी बसली. आधी तिला बरं वाटलं. ती एवढीशी असताना तिच्यासाठी गाव आलं नव्हतं, आता येत होतं. मग हळूहळू तिला मागल्या सालची गोष्ट आठवली. पलीकडच्या एका गावात झाडपाल्याची औषधं विकणारा एक माणूस आला होता. पोरं पळवणारा आहे म्हणून कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मागाहून सापडलं नाही, पण मारणारे चाळीस होते. त्याचा एक हात कायमचा गेला. झोळीत मुळ्यांशिवाय काही निघालं नाही. रुखमाबाईनं त्याच्याकडून एकदा हिरड्याचं चूर्ण घेतलं होतं, हुंगून.

आज कोण म्हणालं असं उद्या विचारलं, तर उत्तर एकच होतं.

तिनं पुन्हा डोळा झाकून पलीकडे पाहिलं. आता मन तिला उलटं प्रश्न विचारू लागलं. धन खणणारे दिवस मावळायची वाट पाहतात, हे दिवसाढवळ्या खणत होते. धन खणणारे खड्डा खोल नेतात, यांनी गुडघाभरही नेला नव्हता. आणि सकाळपासून तिथं एकच माणूस हालत होता. दाढीवाला कुठं गेला? पायाळू शोधायला गावात? की ताडपत्रीत बसून कोणाची वाट पाहत होता? तिला दोन्हीही खरं वाटत होतं आणि दोन्हीही खोटं.

शेवटी तिनं विझवलेल्या चुलीची राख उकरली. खाली निखारे होते. दोन निखारे खापरात घेतले, कमरेला इळा खोचला आणि मातामायकडे पाहून निघाली. इस्तो मागायला ते आले नव्हते, तर इस्तो घेऊन आपण जावं. नाव-गाव विचारायला दुसरी कोणती वाट तिला माहीत नव्हती.

ताडपत्रीपासून वीस पावलांवर ती थांबली. लुनावाला उभा राहिला. घाबरलेला दिसला, आणि घाबरलेला माणूस दोन्ही तऱ्हेचा असू शकतो हे तिला माहीत होतं.

"इस्तो आनला," ती म्हणाली. "तुमी आले नाई मागाले. नाव काय?"

"नदीम," तो म्हणाला. वरोऱ्याचा. आत माझे बहनोई आहेत, जलालुद्दीन, गाद्या भरायचा धंदा आहे आमचा. रुखमाबाईनं आत वाकून पाहिलं. दाढीवाला सतरंजीवर पालथा पडला होता. मान वळवून त्यानं पाहिलं आणि उठायला गेला तसा कण्हून परत पडला.

"उठता नाई येत, बाई," तो म्हणाला. "माफी असू द्या."

तिनं इळ्यावरचा हात काढला नाही. मागे काय खणलं म्हणून विचारलं. नदीम बहनोईकडे पाहू लागला. जलालुद्दीन म्हणाला, सांग रे, आता लपवून काय.

त्यांनी सांगितलं ते असं. पासष्ट-सहासष्ट साली हा तलाव बांधला जात होता तेव्हा जलालुद्दीनचा बाप इथं चुन्याचा मिस्त्री होता. तोटीचं बांधकाम त्याच्या हातचं. एका उन्हाळ्यात मजुरांच्या झोपड्यांत तापाची साथ आली आणि तो गेला. जंगलातून कुठं नेणार, जवळच दफन केला. जलालुद्दीन नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी तलाव भरला आणि कबर पाण्याखाली गेली. आई जन्मभर म्हणत राहिली, की पाणी उतरलं की बापाच्या कबरीला चुना लावून ये. पाणी तेवढं उतरलंच नाही. आई मागल्या रमजानमधे वारली. आणि यंदा सिंदेवाहीच्या एका गिऱ्हाइकानं सहज सांगितलं, की बोदलझरीचा तलाव पार तळाला गेला. तोटीपासून दक्षिणेला किती पावलं हे आईनं पाठ करून घेतलं होतं. डोक्याचा दगड सापडला. पायाचा दगड सापडेना, म्हणून खुंट्या ठोकून दोऱ्यानं कड आखून खणत होते. सापडला, पण गाळानं भरलेलं घमेलं उचलताना पाठीत अशी उसण भरली की काल दिवस कलल्यापासून माणूस पालथा तो पालथाच. लुनावर बसवता येईना.

"मग पायाळू?" रुखमाबाईनं विचारलं.

"उसणीला पायाळूच लागतो ना, बाई," नदीम म्हणाला. "आमच्या मोहल्ल्यात होती एक. गेली ती."

"मग गावात तसं सांगाले काय झालं होतं? इस्तो मागाले काऊन नाई आले?"

मग जलालुद्दीननं जमिनीकडे तोंड ठेवूनच सांगितलं. निघताना सगळ्यांनी बजावलं होतं, की त्या जंगलात कोणाशी बोलू नका, कोण कोणाचा माणूस असेल सांगता येत नाही. आणि कबर आहे म्हणून सांगितलं तर कोणी हाकलून देईल, कोणी कागद मागेल, कोणी म्हणेल आमच्या तलावात तुमचं काय. चुना लावून गुपचूप निघून जावं, असं ठरवून आले होते.

"समोर तुम्ही दिसत होत्या," तो म्हणाला. "डोळा झाकून नेम धरल्यासारख्या पाहत होत्या. आम्हालेच भीती वाटली."

रुखमाबाईला आठवत होतं. नवी नवरी असताना तिनंही या पाळीवर माती वाहिली होती. चुन्याची घाणी होती, बैल गोल फिरायचा, आणि दाढी चुन्यानं पांढरी झालेला एक मिस्त्री दुपारी काम थांबवून ओल्या पोत्यावर नमाज पढायचा. त्या सालचा तापही आठवत होता. पण हे काय, गावातला कोणीही म्हातारा सांगेल. धनाच्या नादी लागलेला माणूस आधी गावाच्या सगळ्या जुन्या गोष्टी गोळा करून येतो. मामाही किती गोड बोलायचा.

खरं काय ते कळायला एकच मार्ग होता आणि तो तिच्या पायात होता. भरलेली उसण कोणाला खोटी आणता येत नाही. पायाखाली ती गाठ बेडकासारखी उडते. नुसता अंगठा ठेवला तरी पायाळूला कळतं की हा माणूस कण्हतो आहे की सोंग करतो आहे. पण पाय ठेवला की हे दोघं ओळखणार. आणि हे दोघं खोटे असले, तर जिला शोधत आले तीच पायाळू आपल्या पायांनी चालत त्यांच्याकडे आली, असं होणार.

पाळीवर आवाज झाला. तिनं वळून पाहिलं. गाव आलं होतं. वीस-पंचवीस माणसं लाठ्या घेऊन उतार उतरत होती, पुढे लटारू. नदीमनं लुनाकडे पाहिलं, मग पालथ्या पडलेल्या बहनोईकडे पाहिलं, आणि जागचा हलला नाही. हे रुखमाबाईनं पाहिलं. मामानं त्या दिवशी हंड्याकडे धाव घेतली होती, पोरीकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

तिनं इळा काढून जमिनीवर ठेवला, पायाची माती पदरानं पुसली, मनात मातामायचं नाव घेतलं आणि उजवा पाय जलालुद्दीनच्या पाठीवर ठेवला.

गाठ उडाली. कमरेच्या वर, डाव्या अंगाला, लिंबाएवढी.

"बाई, बाजूला हो," लटारू धापा टाकत म्हणाला. "आमी पाह्यतो याईचं. पायाळू कायले पाहिजे होता रे तुमाले?"

"पाठीत उसण भरली म्हून पाहिजे होता," रुखमाबाई म्हणाली. "आन पायाळू मी हावो."

माणसं थांबली. मागून येणारे पुढच्यांवर आपटले. कोणीतरी हसायला गेलं आणि हसता हसता थांबलं, कारण ती थट्टा करणारी बाई नव्हती. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. तीनदा पाय दाबला, वरून खाली, तिसऱ्यांदा टाच जरा फिरवून. नवऱ्यानंतर नऊ वर्षांत कोणाच्या पाठीला पाय लागला नव्हता, पण पाय विसरला नव्हता. जलालुद्दीन मोठ्यानं ओरडला, मग त्यानं श्वास सोडला, कोपरावर रेलला आणि सावकाश उठून बसला. डोळ्यांत पाणी होतं.

मग ती गावाला कबरीकडे घेऊन गेली. डोक्याला दगड, पायाला दगड, मधली गाळाची जागा हातानं सारवल्यासारखी साफ केलेली. अर्ध्याला चुना लावून झाला होता. भुकटीची थैली बाजूला होती. पत्रूनं थैलीत बोट घातलं, चाखलं आणि थुंकला. गर्दीतल्या जंगू म्हाताऱ्यानं खाली बसून दगड पाहिला आणि म्हणाला, हो, एक मिस्त्री गेला होता खरा, होळीच्या आधी का नंतर ते आठवत नाही. लाठ्या एकेक करून जमिनीला टेकल्या. कोणी माफी मागितली नाही, आणि कोणाला घाईही नव्हती, म्हणून उरलेला चुना लावून होईपर्यंत सगळे तिथंच बसून राहिले. एकानं तर सांगितलं, की खालच्या बाजूला पातळ लागला, अजून एक हात मार.

लटारू मात्र सारखा रुखमाबाईकडे पाहत होता. परतताना म्हणाला, "नऊ वर्षं मी तुह्याकडची चाय पिऊन राह्यलो. मागल्या दिवाळीले पंधरा दिवस वाकडा चालत होतो मी. तुले दिसलं नाई?"

"दिसलं," ती म्हणाली. "पण तुह्या तोंडात काई राह्यत नाई."

दुसऱ्या दिवशी जलालुद्दीन आणि नदीम निघाले. निघण्याआधी जलालुद्दीन स्वतः चालत तिच्या खोपीपाशी आला, हातात फुटकं खापर घेऊन. म्हणाला, इस्तो द्या बाई, उशिरा का होईना. तिनं दोन निखारे घातले. नाव-गाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. कालच्याशी जुळलं.

लुना पाळीपलीकडे गेली तरी तिच्या मनाचं पूर्ण समाधान झालं नव्हतं. ऊन उतरल्यावर ती एकटी कबरीपाशी गेली आणि चारही बाजूंनी पायानं माती दाबून पाहिली, आणखी कुठं खणलं आहे का. कुठंही नव्हतं. खुंट्या तशाच होत्या, चांगल्या पक्क्या बांबूच्या. कबरीपुढे हात जोडून तिनं त्या उपटल्या आणि डांगराच्या कुंपणाला लावल्या.

मृगाला पाणी आलं, पोळ्यापर्यंत खुंट बुडाला, कबरही बुडाली. रुखमाबाई गावात राहायला आली तेव्हा तिच्या अंगणात सकाळी सकाळी माणसं येऊ लागली होती. सगळ्यांत आधी लटारू, पाठीत काही नसताना. ती कोणाला परत पाठवत नव्हती. पण नाव काय, गाव कोणतं, बाप कोण, कोणाकडून कळलं, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तिनं कोणाच्या पाठीला पाय लावला नाही. काही जण म्हणायचे, की या बाईच्या सवालांनीच अर्धी उसण पळते.

दिवाळीनंतर एसटीच्या टपावरून तिच्या नावाची एक गादी आली. वरोऱ्याहून. नवी, गच्च भरलेली, निळ्या पट्ट्यांची. कंडक्टरनं सांगितलं, पाठवणाऱ्यानं काही निरोप दिला नाही, नुसतं म्हणाला, घेतील त्या.

ती घेणार नव्हती. घेतलं तर गुण जातो. शिवाय गादीत काय भरलं आहे कोणाला माहीत. रात्री गादी ओसरीवर ठेवून ती घरात झोपली. सकाळी सुई आणि इळा घेऊन बसली, एका कोपऱ्याची शिवण उसवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चाचपलं, ओढून काढलं, डावा डोळा जवळ नेऊन पाहिलं, हुंगलं.

कापूस होता. पिंजून हलका केलेला, पांढरा, एक सरकी सापडली नाही.

तिनं तो परत आत कोंबला आणि शिवण घातली, जलालुद्दीनच्या शिवणीइतकी सरळ आली नाही. मग गादी अंगणातल्या चिंचेखाली अंथरली. आपल्याला म्हणून नाही घ्यायची, पण पालथं पडायला येणाऱ्यांना जमीन फार टोचते, ही खरी गोष्ट होती. त्या दिवशी गादीवर पहिला निजला तो जंगू म्हातारा. तो म्हणाला, फार मऊ आहे, कुठून आणली? रुखमाबाई म्हणाली, पालथा पड आधी, आणि तुझ्या बापाचं नाव काय ते सांग.

जंगूला ती जवळपास चाळीस वर्षं ओळखत होती. तरी त्यानं सांगितलं.